सात हजार फुटांवरचं बिऱ्हाड

तीन मराठी घरं जवळ आली की किस्से आपोआप साठतात. त्यात गाव असं, की दोन ट्रॅफिक सिग्नल, संध्याकाळी सहाला दुकानं बंद आणि सगळीकडे सामसूम! मग करमणूक कसली, तर एकमेकांच्या फजितीची.

२००४ साली मला न्यू मेक्सिकोतल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली आणि आम्ही या गावात आलो. खाली वाळवंट, वर डोंगर, आणि सात हजार फुटांवर आम्ही. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं टाउनहाउस, मराठी मंडळ आणि कोपऱ्यावरचं इंडियन ग्रोसरीचं दुकान सोडून माझी बायको मेधा आली, ती एका अटीवर.

"एक वर्ष. नाही करमलं तर परत फ्रीमाँट. आणि तेव्हा तोंड वर करून कारणं विचारायची नाहीत!"

पुण्याची आहे. मला मात्र गाव पहिल्याच दिवशी आवडलं होतं, त्यामुळे वर्षभर माझा जीव टांगणीला.

*

आमच्याशिवाय इथे दोनच मराठी घरं. एक कुलकर्णी काका-काकूंचं, तीस वर्षांपासूनचं. दुसरं समीरचं, म्हणजे मुंबईहून आलेला एकटा जीव आणि त्याचं एक पातेलं.

समीरने इथे आल्यावर पहिल्याच रविवारी त्या पातेल्यात तुरीचं वरण लावलं. एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही, हे या फिजिक्सच्या पीएचडीला आठवलं नाही! तीन तासांनी त्याने काकूंना फोन केला. "काकू, डाळ अजून टणटणीत आहे. स्टोअरवाल्याने मला फसवलं काय?"

काकू म्हणाल्या, "अरे, इथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, नुसता माणूस शिजतो. ये जेवायला!"

तो आला, ते पातेलं घेऊनच. काकूंनी ती डाळ कुकरमध्ये ढकलली. तेव्हापासून तो दर रविवारी पातेलं घेऊन येतो.

*

इथल्या हॉटेलात प्रत्येक पदार्थावर मिरचीचा रस्सा ओततात आणि आधी विचारतात, लाल की हिरवा? आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वेट्रेस म्हणाली, "हिरवा आज जरा तिखट आहे, सर."

मी छाती फुगवून म्हटलं, "मॅडम, मी नागपूरचा! सावजी खाऊन वाढलोय. डबल द्या."

दुसऱ्या घासाला कानातून वाफा निघाल्या. चौथ्या घासाला डोळ्यांतून पाणी. वेट्रेसने न सांगता दुधाचा ग्लास आणून ठेवला, आणि लहान मुलांना देतात तसा त्यात स्ट्रॉ घातला!

मेधा महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसली. तेवढ्यासाठी मी पाचवाही घास खाल्ला.

*

गणपतीला फ्रीमाँटहून शिरीष आला. मंडळातला आरतीचा हुकमी आवाज! पण खरा आला होता मेधाला फितवायला. "वहिनी, कशाला या ओसाडीत राहता? परत या. मंडळाचं कल्चरल सेक्रेटरीपद तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

मेधाचे डोळे चमकले. मी घाईघाईने निरांजन लावलं.

आरती सुरू झाली. आम्ही इथले लोक दर ओळीला थांबून श्वास घेतो, काकांनीच तशी शिस्त लावलीय. शिरीषने आमच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं, आणि विठ्ठलाच्या आरतीत जिथे सगळे दम लावून स्वर ताणतात ना, तिथे त्याने तो ताणला. ताणला, ताणला... चेहरा लाल झाला, मग जांभळा, मग पांढरा. आणि गडी टाळासकट कार्पेटवर बसला!

काकांनी त्याला पाणी दिलं, नाडी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "शिरीषराव, उरलेली आरती समुद्रसपाटीवर जाऊन म्हणा."

*

विसर्जनाला काकांनी ओढा हेरून ठेवला होता. ऑगस्टच्या पावसात तो तुडुंब होता म्हणे. आम्ही टाळ वाजवत, मोरया करत पोचलो, तर नुसती वाळू! काका मूर्ती घेऊन उभे, घरी परत न्यायची पंचाईत.

शेवटी समीरने डिकीतून एक टब आणि पिण्याच्या पाण्याच्या चोवीस बाटल्या काढल्या आणि आम्ही मूर्ती टबात ठेवून एकेक बाटली त्यात ओतायला लागलो. कुत्रं फिरवणारी एक आजी थबकली. तिने मूर्तीकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "इज ही थर्स्टी?"

काका म्हणाले, "व्हेरी. फर्स्ट टाइम ॲट धिस अल्टिट्यूड."

आजीने पर्समधून आपलीही बाटली काढून दिली.

*

मे उजाडला. वर्ष भरायला पंधरा दिवस उरले. मेधा काही बोलेना आणि मला विचारायची छाती होईना. तिला परतच जायचं असणार असं धरून मी गुपचूप फ्रीमाँटच्या जुन्या बॉसला फोन केला. शनिवारी सकाळी टपालाने ऑफर लेटर आलं. मी ते खिशात घातलं आणि कसं सांगावं याची मनात तालीम करत बसलो.

बाहेर ड्राइव्हवेवर प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया वाळत होत्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, काकू आणि मेधाने पहाटेपासून घातलेल्या. इथली हवा इतकी कोरडी की सकाळची कुरडई दुपारी कडकडीत! काकू घरी गेल्या, मेधा पाणी प्यायला आत आली, आणि तेवढ्यात झाडीतून अस्वल आलं.

खरंखुरं, काळं अस्वल. शांतपणे बसलं आणि कुरडया खायला लागलं.

मी ९११ लावला. मागे वळून पाहतो तर मेधा बाहेर! हातात बर्फ उपसायचं फावडं. "ए मेल्या! हाड्! तीन दिवस राबलेय मी! ऊठ तिथून!" मी काचेच्या दाराआडून तिला संपूर्ण मानसिक आधार देत होतो. अस्वलाने तिच्याकडे पाहिलं, काय समजायचं ते समजलं आणि मुकाट्याने झाडीत गेलं.

दहा मिनिटांनी वन्यजीव खात्याचा अधिकारी आला. टोपी काढून म्हणाला, "मॅडम, त्याला चव लागलीय, तो परत येणार. पिंजरा लावेपर्यंत तुम्ही दोन आठवडे दुसरीकडे राहायला गेलात तर बरं."

"मी?" मेधाने फावडं जमिनीवर आपटलं. "व्हाय शुड आय गो? धिस इज माय हाउस! मी कुठेही जाणार नाही. त्या अस्वलाला पाठवा फ्रीमाँटला!"

अधिकाऱ्याने ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, "सर, हे फ्रीमाँट कुठे आलं?"

मी खिशावर हात ठेवला. म्हटलं, "लांब आहे हो. फार लांब."