एक डोळा बोंबलांवर

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मी संशोधन सहायक होतो. घरी आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांना स्वतःच्या श्वासावर लक्ष ठेवून ध्यान करायला शिकवायचं, हे माझं काम. कळव्याला खाडीकाठी एक कोळीण अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करायची. ध्यानाला बसली, की ती एकच डोळा मिटायची. दुसरा अंगणात वाळणाऱ्या बोंबलांवर असायचा. तोही मिटला, की सासू खाटेवरून ओरडायची, "अगो, मांजर आली!" मांजर कधीच नसायची.

शेवटी सून वैतागली. "बाला, मना नको, सासूला शिकव. तिचे डोले मिटले का माजा ध्यान आपोआप लागल."

सासूला शिकवलं. ती घोरू लागली, तशी सूनही उंबऱ्याशी डोकं टेकून झोपली. आणि मांजर खरंच आली.

मी काठी घेऊन बोंबलांपुढे बसलो. इतकं एकाग्र ध्यान मला पुन्हा कधी साधलं नाही.