राजाच्या बाजूचे शेजारी

अख्ख्या सिंगापुरात हरलेल्या माणसांवर इतका जीव टाकणारा माणूस दुसरा नसेल. क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकमधले हे वरच्या मजल्यावरचे शेजारी विद्यापीठात संशोधक होते. त्यांचा विषय म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी इमान राखून देशोधडीला लागलेले वसाहतवाले. जिंकलेल्यांची नावं जगाला पाठ असतात, हरलेल्यांचं सुतक कुणीतरी धरायला नको का, म्हणून ते यांनी धरलं होतं. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्सच्या वाडग्यात त्यांची आसवं टपकू लागली. चहावाल्या आंटीने घाबरून विचारलं, "अंकल, हू डाय?" हे नाक पुसत म्हणाले, "शॉपकीपर. फ्रॉम बोस्टन. टू हंड्रेड फिफ्टी इयर्स अगो." आंटीने त्यांच्या चहात साखर वाढवली.

माणसांची वाटणीही ते त्याच मापाने करत. इथलं नागरिकत्व घेतलेले मराठी लोक 'बंडवाले', माझ्यासारखे घेऊ की नको करणारे 'कुंपणावरचे', आणि राजनिष्ठ काय ते एकटे. मला गणपतीचा मोदक देतानासुद्धा "घ्या, कुंपणावरचे," म्हणत. यांचा राजा म्हणजे भारतीय पासपोर्ट. तो देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी असे, आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळे. घरं फुटल्याच्या गोष्टी सांगताना मात्र ते फार हळवे होत. बंडात गेलेल्या मुलाची पत्रं न फोडता परत पाठवणाऱ्या एका बापावर त्यांचा विशेष राग. "काय हो गाढव माणूस! राजाला याची काय पडली होती?"

मग त्यांच्याच मुलाने इथल्या लष्करातली, इथे वाढलेल्या परदेशी मुलांनाही न चुकणारी, सक्तीची दोन वर्षं पुरी केली आणि इथला नागरिक व्हायचं ठरवलं. त्यासाठी भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो. "बाबा, माझे सगळे फ्रेंड्स इथेच आहेत, लाह. त्यांच्याबरोबर सर्व्ह केलंय मी," तो इथल्या हेलात म्हणाला. बापाने बोलणं टाकलं आणि एकाच घरात राहून त्याला पत्र लिहिलं, तेही मराठीत. इंग्रजी शाळेत वाढलेल्या पोराला ते वाचता येईना. तो ते घेऊन माझ्याकडे आला.

"चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद," मी वाचलं. पुढच्याच ओळीत होतं, की शपथ घेतलीस तर तुझा-माझा संबंध संपला. आपल्यात संबंध तोडणारं पत्रसुद्धा आशीर्वादानेच सुरू होतं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? "म्हणजे बाबा ओके आहेत!" तो म्हणाला. त्याचा उजळलेला चेहरा पाहून मी तिथेच थांबलो. वाटलं, शपथेच्या दिवसापर्यंत बापाची समजूत घालू.

घालायला गेलोही. त्या गाढव बापाची आठवण करून दिली. ते शांतपणे म्हणाले, "तो मुलगा दुसऱ्याचा होता."

शपथविधीला मीही गेलो होतो. पोराने बाबांसाठी शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. बाहेर आल्यावर त्याने खिशातून पत्र काढलं. "काका, अजून काय लिहिलंय?" मी वाचलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ते आता नाशिकला भावाकडे राहतात. फोनवर मला विचारतात, "तो वेळेवर जेवतो ना?" मुलगा लिफ्टमध्ये विचारतो, "बाबांचं बीपी?" एकमेकांना विचारा म्हटलं तर दोघेही ऐकत नाहीत. माझं सांगून झालं की मुलगा थांबतो. "सगळं सांगितलंत ना, काका?"

मी हो म्हणतो. बाप फोनवर रडतो, हे त्याला सांगणार नाही असं मी बापाला वचन दिलं आहे.