तळहात उताणा होईना तेव्हा

बाळांनो, मनगटाच्या शस्त्रक्रियेला सात आठवडे झाले होते आणि माझा उजवा तळहात वर वळत नव्हता. बोटं मिटत होती, कपाची दांडी धरता येत होती, पण हात काही उताणा होईना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "सोमवारपर्यंत फरक दिसला नाही, तर तो असाच आखडून राहू शकतो." तसं झालं तर माझं एकटीनं राहणं संपलं. हे घर बंद करण्याचा विषय तुमच्या बाबांनी फोनवर काढलाच होता.

आता कबुली देते. घरी मी व्यायाम करतच नव्हते. हाडाला बसवलेली धातूची पट्टी सरकेल, एखादा स्क्रू निखळेल, अशी भीती वाटे. फिजिओथेरपीच्या मॅडम विचारत, "आजी, घरी चार वेळा करता ना?" जन्मभर वेळापत्रक पाळलेली मी बेधडक सांगे, "अगदी घड्याळ लावून." खरं तर त्या वेळात मी जपाला बसे. हात देवावर सोपवलाय, अशी स्वतःची समजूत घातली होती. तो ऐकतोय का, ही शंका मात्र कुरतडत असे.

शनिवारी कॉलनीतल्या दत्तमंदिरात आरतीला गेले. तीर्थ डाव्या हातावर घेत नाहीत, म्हणून उजवाच पुढे केला. पळीतलं पाणी आडव्या हातावरून ओघळून फरशीवर सांडलं. मागची रांग थांबली. हात मागे घेणार, तोच शेजारच्या बाईनं माझं कोपर धरलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं; वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून आली असावी.

"आज्जी, खांदा कशाला उचलायलात? कोपर बरगडीला चिकटवा."

"दुखतंय गं."

"दुखनारच की! माझं बी मनगट मोडलं व्हतं, आत पट्टी हाय. त्याच हातानं मशीन चालवते. देवापुढं उभं राहून भेता व्हय?" मग गुरुजींकडे वळून म्हणाली, "जरा दम धरा म्हाराज, आज्जीला तीर्थ घ्यायचंय."

तिनं फक्त कोपर धरलं होतं; हात मलाच वळवायचा होता. कळ खांद्यापर्यंत गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. आत काहीतरी तुटल्याचा आवाज होईल म्हणून मी श्वास रोखून धरला. काही तुटलं नाही. तळहात अर्धाच वळला, पण त्यात लहानशी खोलगट जागा झाली आणि तीन-चार थेंब तिथं टिकले.

"झालं की! आता घरी करा, नायतर म्हाराज रोज फरशी पुसायला लावतील."

तीर्थ घेऊन डोळे पुसेपर्यंत ती निघून गेली होती. पुढे कित्येक शनिवारी शोधलं, दिसली नाही.

दोन दिवस कोपर बरगडीला लावून, रडत आणि नाम घेत, मी हात वळवला. सोमवारी मॅडमपुढे आधी माझं खोटं बोलणं कबूल केलं, मग हात पुढे केला. "सुटायला लागलाय," त्या म्हणाल्या.

ती कोण होती, नेमकी तेव्हाच माझ्याशेजारी कशी उभी राहिली, हे मी विचारत बसत नाही. देवाचे आणि तिचे उपकार मानते. इतके दिवस मी भक्तीच्या आड माझी भीती लपवत होते. आज किल्ली फिरते, कणीक मळता येते, घर उघडं आहे. तळहात अजून थोडा तिरका राहतो. रोजचा व्यायाम झाला की तेवढा तिरकेपणा मी देवावर सोपवते.