तिला नाकारलेला फ्लॅट

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी सिडनीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे. वसई सोडून दीड वर्ष झालं होतं. मी, नवरा आणि आठ महिन्यांची मुलगी, तिघं एका ओलट खोलीत राहत होतो. मुलीचा खोकला काही केल्या थांबत नव्हता.

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतली एक बाई माझी मैत्रीण झाली होती. ती ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळची. दोन मुलींना घेऊन बहिणीच्या गॅरेजमध्ये राहायची. लहानपणी, तेव्हा तिच्या लोकांच्या बऱ्याच मुलांना नेत तसं, तिला सरकारी माणसांनी आईपासून उचलून नेलं होतं. "घर नाही मिळालं तर माझ्याही मुली नेतील," ती सारखी म्हणायची.

सिडनीच्या पेंडल हिल भागात स्टेशनजवळ एक फ्लॅट भाड्याने रिकामा होता. फोनवर एजंट तिला 'ये' म्हणाला. ती गेली, तर तिचा चेहरा बघून म्हणाला, "आत्ताच गेला." दुसऱ्या दिवशी तिने मला फोन करायला लावला. फ्लॅट रिकामाच होता.

"जाऊन बघून ये," ती म्हणाली. "आता कायदा झालाय, वंश बघून घर नाकारता येत नाही. तक्रारीला मला साक्षीदार हवाय."

एजंटने मला सगळं दाखवलं. कोरड्या भिंती, खिडकीतून ऊन. "इंडियन माणसं शांत असतात," तो हसत म्हणाला. मी थँक्यू म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

घरी सांगितल्यावर नवरा खोकणाऱ्या मुलीला थोपटत म्हणाला, "आपण घेऊया."

"अरे, तो तिला हवाय!"

"तिला तो देणारच नाही. आपण नाही तर दुसरं कुणी घेईल. आणि तिच्या तक्रारीवर सही-बिही करू नकोस. आपले इथे राहायच्या परवानगीचे कागद अजून सरकारकडे आहेत."

मी भांडले, रडले. पण शनिवारी फ्लॅटच्या भाडेकरारावर सही केली.

सोमवारी लॉन्ड्रीत जाऊन तिला सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती, तशीच घालत राहिली. "तुझी मुलगी बरी होईल तिथे," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "पण साक्ष लिहून देशील ना?"

हो म्हटलं, आणि तीन आठवडे तिने दिलेला साक्षीचा फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी सही केली तेव्हा नवऱ्याने बोलणं टाकलं.

काही महिन्यांनी तक्रारीमुळे तिला एजंटचं माफीपत्र आलं: गैरसमज झाला, क्षमस्व. तोवर बहिणीच्या घरमालकाने तिला गॅरेजमधून बाहेर काढलं होतं आणि वेल्फेअरने, म्हणजे मुलं ताब्यात घेणाऱ्या सरकारी खात्याने, तिच्या मुली नेल्या होत्या.

ती पत्र घेऊन लॅबमध्ये आली. "हे दाखवलं तर मुली देतील?"

आम्ही दोघी वेल्फेअरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईने पत्र वाचून परत दिलं. "ते ठीक आहे. पण मुलींना ठेवणार कुठे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. 'आमच्याकडे' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो तोंडापर्यंत आला. करारातली तिघांनीच राहायची अट आठवली, नवरा आठवला, आणि मी मान खाली घातली.

पुढच्या हिवाळ्यात तिने कामावर येणं बंद केलं. धाकटी परत मिळाली असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं दोघीही नाहीत. मी लॉन्ड्रीत दोनदा विचारून आले. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. त्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा वर्षं राहिलो.