कापसाच्या खोलीची खिडकी

हैदराबादच्या बिल्डरांसाठी मी न बांधलेल्या घरांचे बांधल्यासारखे फोटो कॉम्प्युटरवर तयार करते. गाव तलमडुगूकडे. सासऱ्यांनी नवीन घर बांधायला काढलं, तेव्हा कापूस ठेवायच्या खोलीतच कोपऱ्यात माझं टेबल बसवायचं ठरलं. कापसाच्या खोलीला आमच्याकडे कोणी खिडकी ठेवत नाही. पाणी आत येतं, अन् बाहेरून कोणी पेटती बिडी फेकली तर होत्याचं नव्हतं होतं. मलाही हे पटतं. पण कापसाला दिवसभर डोळे फोडून काम करायचं नसतं, मला असतं.

मिस्त्रीनं माझ्या सांगण्यावरून भिंतीत खिडकीपुरती जागा सोडली होती. सासरे म्हणाले, बुजवून टाक. मी म्हटलं, मामाजी, आधी खोली कशी दिसते ते दाखवते, मग ठरवा.

कॉम्प्युटरवर बिनखिडकीच्या खोलीचं चित्र काढलं. मुद्दाम काही काळं केलं नाही मी. चुन्याच्या भिंतीचा खरखरीतपणा असतो तेवढाच ठेवला. एकच दार. अशा भिंतीवर उजेड पडला की चहूकडे विखुरतो, या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो अन् तिथंच संपतो. टेबलापर्यंत फार थोडा पोचला. टेबलाखाली तर अशी सावली की खुर्चीचे पाय दिसेनात. मी मनातून खुश. आता तरी यांचे डोळे उघडतील.

सासऱ्यांनी चित्र पाहिलं. "येवढं काळं काऊन?"

"खिडकी नाही म्हणून."

नवरा मधेच बोलला, "भिंतीले ऑइल पेंट मारून पाय ना."

डोकंच फिरलं माझं. पण नाही कशी म्हणणार? चित्रातल्या भिंतीचा खरखरीतपणा कमी केला. भिंत गुळगुळीत झाली, तसा दारातला उजेड विखुरायचा सोडून सरळ परतला अन् समोरच्या भिंतीत दाराचा लख्ख चौकोन दिसू लागला.

"हे पाय, खिडकी तं झाली," सासरे म्हणाले.

करायला गेले गणपती अन् झाला मारुती. मी परोपरीनं सांगितलं, ही नुसती चकाकी आहे, उजेड नाही. टेबलाखालची सावली पाहा, होती तेवढीच आहे. खुर्चीत बसल्यावर काय दिसतं त्याचंही चित्र काढून दाखवलं. त्यात चौकोन नव्हताच.

"तू बसून भिंत कुठं पायतं," नवरा म्हणाला, "कॉम्प्युटरच पायशीन ना." तो वाईट माणूस नाही, म्हणूनच भांडताही येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

सासऱ्यांनी ते चकचकीत चित्र मोबाईलवर घेतलं अन् मिस्त्रीला दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तो विटा रचून राह्यला होता. मोकळ्या जागेतून मागची ज्वारी दिसत होती.

"वयनी, फोटू मस्त काढला तुमी," तो म्हणाला.

मी कप धरून उभी राहिले. आधी ज्वारीची ताटं दिसेनाशी झाली, मग कणसं. मला रडू आलं. शेवटची वीट बसली तेव्हा मी आतल्या बाजूला होते.