सामंत मास्तरांची कॅसेट

सामंत मास्तरांकडे प्रथमोपचार शिकायला येणाऱ्याला आधी मास्तरांची मांडी दाबावी लागे. सिल्वासातल्या ज्या दवाखान्यात मी परिचारिका होते, तिथे ते ड्रेसर, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारे. मूळचे मालवणकडचे. मांडीवर फडक्याची घडी ठेवून म्हणायचे, "इथून रक्ताची चिळकांडी उडतेय असं समज. दाब!" मग समोर चहा ओतत आणि तो गार होईपर्यंत हात हलवू देत नसत. कुणी फडकं उचलून पाहिलंच तर खेकसत, "उलटून बघायला हे काय तव्यावरचं घावन आहे?" रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर काय नि कारखान्यातले कामगार काय, सगळे असेच तयार झाले.

नव्वद सालानंतर कारखाने वाढले, तसा मास्तरांचा दमाही वाढला. मग त्यांच्या धड्यांची व्हिडिओ कॅसेट काढायचं ठरलं. मास्तर लहान मुलासारखे खूष झाले. "सिस्टर, आता मी एकाच वेळी गलोंड्याच्या कारखान्यातही असणार नि आमलीच्याही!" लग्नांचं शूटिंग करणाऱ्या आमलीच्या एका माणसाने कॅसेट झकास काढली. कारखान्याकारखान्यांतून ती गेली आणि दर पाळीला दाखवू लागले. स्वतःला पडद्यावर बघायची लाज वाटते म्हणून मास्तरांनी मात्र ती कधी पाहिलीच नाही.

एकदा गलोंड्याहून मांडी चिरलेला एक कामगार आला. येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्याबरोबर धुळ्याकडचा त्याचा जोडीदार होता, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. मास्तरांनी विचारलं, "दाबून धरलं नव्हतंस?"

"धरलं ना, मास्तर. मंग उचलून पाह्यलं, थांबलं का म्हनून. पुन्हा धरलं, पुन्हा पाह्यलं. कॅसेटमधी जसं व्हतं तसंच केलं मी."

त्याच दिवशी मास्तरांनी कॅसेट लावायला लावली. पडद्यावर त्यांनी घडी दाबली, आणि दुसऱ्या क्षणी हात उचलून ते हसतमुखाने पट्टी बांधू लागले. मधला सगळा वेळ त्या लग्नवाल्याने कापून टाकला होता. त्याला वाटलं, नुसता हात किती वेळ दाखवायचा! मास्तर उठले, व्हरांड्यात बसलेल्या त्या पोराजवळ गेले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही रे. मी शिकवलं तसंच केलंस तू." आणि माणसांदेखत ढसाढसा रडले.

त्यानंतर छातीचा भाता झालेला हा माणूस बस पकडून एकेका कारखान्याच्या फाटकावर जाऊ लागला. ती कॅसेट दाखवू नका, मी स्वतः येऊन शिकवतो, असं सांगू लागला. एकदा मीही सोबत होते. वॉचमन आत विचारून आला. "साहब बोलते हैं, कॅसेट है ना, काका. आप तकलीफ मत करो." बहुतेक ठिकाणी हेच. दोन-तीन कारखान्यांनी तेवढं आत घेतलं. तिथे धाप लागत असतानाही त्यांनी मांडी पुढे केली. मला मास्तरांच्या या हट्टाचा राग यायचा.

त्याच हिवाळ्यात ते गेले. शोकसभेला कारखान्यांचे साहेब हार घेऊन आले होते. त्यांतले एक फार गहिवरून बोलले. म्हणाले, "मास्तर गेले असं मी मानतच नाही. आमच्याकडे दर सोमवारी नव्या पोरांना ते अजून शिकवतात."