पाटीतली बाटली

आठव्या महिन्यात माझे पाय असे सुजले की चपलेचा पट्टा बसेना. रक्तदाबही काठावर होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीत प्रोटीन वाढलं तर सरळ अंधेरीला भरती व्हायचं, आणि वेळ पडली तर बाळ आधीच काढायचं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. दिवस भरेपर्यंत लेकरू पोटात राहू दे, एवढंच.

बाळंतपणासाठी मी मढला माहेरी आले होते. दर मंगळवारी तिथल्या अंगणवाडीत एक सिस्टर नवं यंत्र घेऊन बसायची. मोबाइलएवढं यंत्र, त्यात सरकवायची काचेसारखी पट्टी, आणि पट्टीत केसाएवढ्या बारीक वाटा. लघवीचा एक थेंब त्या वाटांतून सरकत जायचा आणि थोड्या वेळात प्रोटीनचा आकडा यायचा. लॅबची खेप वाचायची. मला चालवत नव्हतं, म्हणून बाटली पोचवायचं काम आईकडे. मासळी विकायला ती त्याच वाटेने जायची.

त्या मंगळवारी सिस्टरचा फोन आला. आकडा इतका चढला होता की तिने पट्टी बदलून पुन्हा पाहिलं होतं. "बॅग भरून ठेव, मी गाडीचं बघते," ती म्हणाली.

मी ढसाढसा रडले. आई बाजार टाकून धावत आली, तर तिच्यावरच खेकसले. "रोज सुकट खायला घातलीस, म्हणून झालं हे." डोकं फिरलं की मी तोंडाला येईल ते बोलते. आई बॅग भरत राहिली. त्यात तिने बाळाचं टोपडंही घातलं, ते बघून मला आणखीच रडू आलं.

तासाभराने सिस्टर दारात. झाकण उघडून तिने बाटली आईच्या नाकापुढे धरली. "मावशी, कसला वास येतोय?"

"बोंबील," आई लगेच म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

बाटली हातात धरून गल्लीतून जायची तिला लाज वाटायची. म्हणून ती मासळीच्या पाटीत, बर्फात खुपसून न्यायची. त्या दिवशी झाकण सैल राहिलं आणि बोंबलाचं पाणी आत गेलं; यंत्राने मोजलं ते बोंबलाचं प्रोटीन. अंगणवाडीत सगळीकडेच मासळीचा वास, त्यामुळे सिस्टरच्याही आधी लक्षात आलं नाही.

"लोक इचारतात ना, हातात काय हाय," आई पुटपुटली.

नवी बाटली, नवी पट्टी. यंत्र आमच्या ओट्यावर, आणि आम्ही तिघी त्यावर वाकलेल्या. आकडा आला, मागच्या आठवड्याएवढाच. मी सिस्टरला तो दोनदा वाचायला लावला. मग इतकी हसले की पोट दुखलं आणि आतून बाळाने लाथ मारली. आई तेवढ्यात बॅग रिकामी करायला बसली होती.

पुढच्या मंगळवारी मी खिडकीत होते. आई निघाली. डोक्यावर पाटी आणि उजव्या हातात बाटली, सगळ्यांना दिसेल अशी. कोपऱ्यावरच्या बाईने विचारलंच, "हातात काय गो?"

"पोरीची लघवी हाय," आई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "तपासायला नेतंय."